सविताची भिंत

आज डब्लिनमधल्या त्या भिंतीचे फोटो पाहत बसले. मूळची बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेत वारली, अवघ्या ३१व्या वर्षी. गर्भ वाचणार नव्हता, तरी त्याचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टरांनी गर्भपात नाकारला. २०१८ च्या मे महिन्यात, गर्भपातबंदीवरच्या सार्वमताच्या सुमारास, पोर्टोबेलोतल्या भिंतीवर तिचा चेहरा रंगवला गेला आणि लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवू लागले. कुणी तिची माफी मागितली, कुणी तिच्यासाठी मत दिल्याचं कळवलं. चित्र छानच आहे, पण खरी कलाकृती त्या चिठ्ठ्याच! (आपल्याकडे बाई असं चारचौघांत लिहील? मला शंका आहे.) सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी गर्भपातबंदीची आठवी घटनादुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. चिठ्ठ्या डब्लिनच्या शहर ग्रंथालयाने जपून ठेवल्या आहेत.