वीतभर धाकटी

आमच्या जुन्या नांदेडात कोणी गाडी बदलली, म्हणजे नवी गाडी जुनीपेक्षा थोर असावयाची, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. सायकलीनंतर फटफटी, फटफटीनंतर चारचाकी, आणि त्या चारचाकीनंतर पायरीवर पाय ठेवून चढावे लागेल अशी उंच चारचाकी, हा हल्लीचा उन्नतीचा क्रम होय. हा क्रम मी मोडला. २०२३ च्या उन्हाळ्यात घरची थोरली व वेगवान गाडी विकून मी तिच्याहून वीतभर आखूड अशी दुसरी गाडी आणली, तेव्हा आळीतील मंडळींनी नाना तर्क केले. कोणी म्हणाले, पेन्शनीत भागत नसेल. कोणी म्हणाले, परदेशी गेलेल्या मुलाशी बिनसले असेल. एका सद्गृहस्थांनी तर, "गुरुजी, काही अडचण असेल तर संकोच करू नका," असे अत्यंत आपुलकीने सांगितले. त्यांच्या सद्भावनेबद्दल मी ऋणी आहे; परंतु खरे कारण निराळे होते, आणि ते सांगण्यास मला तेव्हा लाज वाटत होती. आता ती लाज ओसरली आहे. तेव्हा ते कारण वाचकांपुढे ठेवण्यास प्रत्यवाय नाही.

प्रथम या गाड्यांच्या जातीविषयी दोन शब्द. ज्या गाडीचे मागचे दार काचेसकट वर उचलले जाते आणि सामानाची जागा बैठकीच्या दालनास जोडलेली असते, तिला 'हॅचबॅक' म्हणतात. अशा साध्या, घरगुती गाडीत नेहमीपेक्षा बलवान इंजिन बसविले, तिचे पाय घट्ट केले, की ती 'हॉट हॅचबॅक' झाली. ही जात प्रसिद्धीस आणली ती जर्मनीच्या गोल्फ जीटीआय या गाडीने. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली व १९७६ साली विक्रीस आली. त्या पहिल्या गाडीचे बळ ११० अश्वशक्ती आणि वजन सुमारे ८१० किलो होते. आज तिच्याच वंशातील गाडी चौदाशे किलोंच्या वर गेली आहे. कुटुंबे लहान होत गेली आणि गाड्या मात्र थोराड होत गेल्या, हा या अर्धशतकाचा एक चमत्कारच म्हणावयाचा! आपल्या देशात चार मीटरांहून आखूड आणि १२०० सीसीच्या आतील पेट्रोल गाडीस करात सवलत असल्यामुळे आपल्याकडील हॅचबॅक तेवढ्या तरी मापात राहिल्या.

आमची थोरली गाडी म्हणजे अबार्थ पुंटो. नाव इटालियन, परंतु जन्म पुण्याजवळील रांजणगावचा. म्हणजे महागणपतीच्या शेजारचा. ही गाडी आपल्याकडे २०१५ साली निघाली. १३६८ सीसीचे इंजिन, १४५ अश्वशक्ती, आणि उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरांचा वेग नऊ सेकंदांच्या आत. माझ्या मुलाने ती पुण्यास घेतली होती. २०१९ साली तो नोकरीनिमित्त परदेशी निघाला, तेव्हा गाडी नांदेडास आणून ठेवून म्हणाला, "बाबा, आठवड्यातून एकदा तरी चालवा, उभी राहिली तर खराब होईल." एवढ्या निरुपद्रवी वाक्याने माझ्या आयुष्यात एका व्यसनाचा शिरकाव झाला.

गाडीच्या तोंडावर विंचवाचे चिन्ह होते. आमच्या सौभाग्यवतीस ते पाहताक्षणीच खटकले. "दारात विंचू कशाला?" असे तिने विचारले, तेव्हा मी सांगितले, की या कारखान्याचे मूळ पुरुष कार्लो अबार्थ यांचा जन्म नोव्हेंबर १९०८ मधला, पाश्चात्त्य गणनेने त्यांची रास वृश्चिक, म्हणून १९४९ साली कारखाना काढताना त्यांनी ते चिन्ह घेतले. यावर ती म्हणाली, "राशीचा असो नाही तर भिंतीतला असो, नांगी ती नांगीच." मी हसलो. त्या वेळी मला ते केवळ बायकी बोलणे वाटले.

या गाडीच्या बळाचे मर्म तिच्या टर्बोत होते. माझ्यासारख्या व्याकरणाच्या मास्तरास यंत्रशास्त्र काय कळणार? परंतु एका जुन्या मिस्त्रीने मला ते असे समजावून दिले : "गुरुजी, चुलीला फुंकणी असते ना, तसं हे. फरक इतकाच, की फुंकणारा माणूस नाही. चुलीचा धूर बाहेर पडताना एक चक्र फिरवतो, आणि ते चक्रच चुलीला वारा घालतं." म्हणजे जाळ वाढला की फुंकर वाढते, आणि फुंकर वाढली की जाळ आणखी वाढतो. मनुष्याच्या मोहाचेही असेच असते, हे मिस्त्रीने सांगितले नाही. ते माझे मला पुढे कळले.

माझे वडील बंधू लातुरास असतात. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाणे हा आमचा शिरस्ता. नांदेडाहून लोहा, खंडोबाचे माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड आणि लातूर, असा एकशेचाळीस किलोमीटरांच्या आसपासचा हा रस्ता. बालाघाटाच्या रांगांचे चढउतार, दोहीकडे सोयाबीनची व तुरीची शेते, आणि रस्ताही आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलेला. या रस्त्यावर मी गाडी हाकू लागलो आणि हळूहळू प्रवासाचे वेळापत्रक एका वहीत टिपू लागलो. घरातून किती वाजता निघालो, गंजगोलाईत किती वाजता पोहोचलो, मागच्या खेपेपेक्षा किती मिनिटे वाचली. वाचलेल्या त्या मिनिटांचे मी काय करीत होतो, असे कोणी विचारले असते तर मजपाशी उत्तर नव्हते. दादांच्या ओटीवर बसून चहा निवेपर्यंत त्याच मिनिटांची फुशारकी मारीत होतो, इतकेच.

त्या गाडीचा गुण असा, की ताशी ऐंशीला ती निजल्यासारखी असे. शंभरास जरा कूस बदले. एकशेवीस झाले तरी आत बसलेल्यास काही जाणवू नये, इतकी ती स्थिर. गुण खरा, परंतु त्यामुळे वेगाची गोडी लागावयास तितका वेग गाठावाच लागे. त्याखाली ती गाडी जणू म्हणे, "एवढ्याशा कामासाठी मला कशाला जुंपलेत?"

जानेवारी २०२३ मधील गोष्ट. आम्ही उभयता लातुराहून परतत होतो. वहिनींनी दिलेला तिळगुळाचा डबा सौ.च्या मांडीवर होता. तिन्हीसांजेची वेळ. चाकूर मागे पडले होते आणि शिरूर ताजबंद यावयाचे होते. ऊसतोडीचे दिवस. एका चढाचा माथा ओलांडला, आणि समोर काळोखाचा एक तुकडा रस्त्यावरून सरकत असल्यासारखे दिसले. तो उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टीही नाही. मी सर्व बळ एकवटून ब्रेक दाबला. गाडी किंचाळली, फरफटली आणि थांबली, तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोके आमच्या बॉनेटवर टेकलेली होती.

उसाच्या ढिगावर एक ऊसतोडणारी बाई बसली होती आणि तिच्या कुशीत पाचसहा वर्षांचे एक पोर कांडे चोखीत होते. त्या पोराने माझ्याकडे पाहिले. त्याच्या मुद्रेवर भय नव्हते. काय घडले असते, हे त्याला कळलेच नव्हते. ट्रॅक्टरवाला मागे वळून म्हणाला, "लई जोरात आलात की हो!" आणि निघून गेला. दिवा न लावण्याचा अपराध त्याचा होता, हे खरे. परंतु त्याच्या अपराधाने माझा अपराध कमी होत नव्हता.

घरापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. दाराशी गाडी लावल्यावर सौ.ने विचारले, "अहो, काटा किती होता?"

मी म्हणालो, "ऐंशीच्या आत."

काटा एकशेवीसवर होता. पस्तीस वर्षे मी वर्गात मुलांना खोटे बोलण्याबद्दल शिक्षा केली, आणि साठी उलटल्यावर स्वतःच्या अर्धांगीशी अंगणात उभा राहून सहजपणे खोटे बोललो.

त्या रात्री झोप लागेना. आमच्या शाळेतील गणिताचे सहकारी मुलांना जो हिशेब घालीत, तो मी मनात करीत राहिलो. ताशी ऐंशी म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर; एकशेवीस म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. डोळ्याने पाहिले आणि पाय हलला, यात माझ्या वयास एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे. त्यानंतरचा आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दीडपट वेगाला सव्वादोनपट. डोळे म्हातारे होत होते, आणि वही मात्र दर महिन्यास तरुण होत होती.

गाडी काढावयाची, हे ठरले. दादा म्हणाले, "साधीसुधी घे. आता या वयात टर्बो कशाला?" मुलगा फोनवरून म्हणाला, "बाबा, उंच आणि जड गाडी घ्या, सुरक्षित राहाल." दोघांचेही म्हणणे अयोग्य नव्हते. परंतु मी माझे मन जाणतो. साधी गाडी घेऊन मी रोज तिला कोसले असते आणि थोरलीची आठवण काढीत बसलो असतो. बळजबरीचा उपवास फार दिवस टिकत नाही.

याच सुमारास नलोपाख्यान पुन्हा वाचनात आले. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते, आणि अयोध्येच्या ऋतुपर्ण राजास एका दिवसात विदर्भास पोहोचावयाचे असते. बाहुकाच्या रूपातील नल अश्वशाळेतून घोडे निवडतो ते कृश. राजा रागावतो, की हे दुबळे घोडे आपणास काय नेणार! परंतु नल घोड्यांची चिन्हे जाणणारा. त्याने थोराड घोडा पाहिला नाही, जातिवंत पाहिला. पुढे रथ भरधाव असता राजाचे उत्तरीय गळून पडते. तो थांबावयास सांगतो, तेव्हा नल म्हणतो, ते केव्हाच योजनभर मागे राहिले, आता आणता यावयाचे नाही. हा भाग मी कितीतरी वेळा शिकविला होता. परंतु गळालेल्या वस्त्रापाशी या खेपेस जसा थबकलो, तसा पूर्वी कधी थबकलो नव्हतो. वेगात जे पडते, ते फार मागे पडते. माझेही काही त्या सायंकाळी चाकूरच्या पुढे पडले होते.

अखेर पुंटो एका तरुणास दिली आणि कोणी फारशी न चालविलेली टाटांची टियागो जेटीपी विकत घेतली. ही गाडी २०१८ साली, टाटा आणि कोइम्बतूरचे जयेम या उभयतांच्या भागीदारीतून निघाली. २०२० साली ती बंदही झाली. इंजिन ११९९ सीसीचे, बळ ११४ अश्वशक्ती. फुंकणी हिलाही आहे. लांबीला थोरलीहून वीतभर कमी, रुंदीला दोन बोटे कमी, आणि वजनाने चांगलीच हलकी. आमच्या बोळात शिरताना थोरलीचे आरसे मिटून घ्यावे लागत. हिचे आरसे उघडे राहतात.

परंतु हिचा खरा गुण निराळाच आहे. ही आपला वेग लपवीत नाही. ताशी साठला हिचा आवाज कानी येतो, रस्त्याची खडी तळव्यांस कळते. ऐंशीला वारा दारांशी बोलू लागतो. लोह्याच्या पुढे एखादे वळण तिसऱ्या गियरमध्ये, ताशी पन्नासाने घेतले, तरी जो आनंद थोरलीने शंभराखाली कधी दिला नाही, तो ही सहज देते. आनंद काट्याच्या आकड्यात आहे असे मी समजत होतो. तो आकडा आपल्याला जाणवण्यात आहे. माझा मोह गेला, असे मी म्हणणार नाही. मोहाचे दावे आखूड केले, एवढेच म्हणतो. थोरली मला शंभराच्या पुढे नेऊन चरावयास सोडी. ही खुंटीजवळच पोटभर चारते.

आता शेवटची गोष्ट. जानेवारीनंतर सौ. माझ्याबरोबर लातुरास येईनाशी झाली होती. फेब्रुवारीत तिने कंबरदुखीचे निमित्त सांगितले. मार्चात एस.टी.ने बायकांना अर्धे तिकीट केले, तेव्हापासून, "अर्ध्या तिकिटात बस मिळते, पेट्रोल कशाला जाळायचं?" असे म्हणून ती एकटीच बसने जाऊ लागली. मला तिच्या काटकसरीचे कौतुक वाटले. धाकटी गाडी आल्यावर मी आग्रह केला, तेव्हा ती नाइलाजाने बसली. परतताना चाकूर ओलांडल्यावर, त्याच चढाच्या माथ्याजवळ, मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि म्हणालो, "त्या दिवशी काटा ऐंशीवर नव्हता. एकशेवीसवर होता."

तिने काचेबाहेर पाहत सांगितले, "ठाऊक आहे मला. मी पाहिला होता काटा. तुम्ही कधी सांगता, तेवढंच बघत होते."

"म्हणून एस.टी.ने जात होतीस?"

"वेगाची भीती वाटली, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण ज्याचा काटा एक आणि सांगणं दुसरं, त्याच्या शेजारी बसायचं कसं?"

यावर मजपाशी उत्तर नव्हते. तिने पिशवीतून डबा काढला आणि माझ्या हातावर दशमी ठेवली. आम्ही दोघांनी तेथेच ती खाल्ली. उसाच्या दोन ट्रॉल्या संथपणे आमच्या शेजारून गेल्या. त्यानंतर आम्ही घरी किती वाजता पोहोचलो, हे मी टिपून ठेवले नाही. ती वही आता नातवास शुद्धलेखनासाठी दिली आहे. मागची पाने कोरी होती.