गोड्या पाण्याचा दर्या : मिशिगन सरोवरात चालत्या होडीतून गळ

अमेरिकेच्या उत्तरेला पाच मोठी सरोवरे एकमेकांच्या शेजारी पसरली आहेत. चार सरोवरांत कॅनडाचा वाटा आहे; मिशिगन हे एकटे पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत येते. त्याची लांबी सुमारे ४९४ किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी १९० किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी पाणी २८१ मीटर. मुंबईहून सावंतवाडीला जाताना जेवढा रस्ता तुडवावा लागतो, जवळपास तेवढे हे सरोवर लांब आहे. काठावर उभे राहिले तर पलीकडचा किनारा दिसत नाही. लाटा आहेत, दीपगृहे आहेत, मालवाहू जहाजे आहेत. नाही ते फक्त मीठ आणि आपल्याला कळेल अशी भरती-ओहोटी. कोकणातला माणूस इथे आला की पहिल्यांदा पाण्याची चव घेऊन बघतो. आम्हीही घेतली.

आमचे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सारे भाईजान म्हणतो, गेली अनेक वर्षे या सरोवराच्या पश्चिम काठावर, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात राहतात. मूळ गाव हर्णै बंदराजवळचे, त्यामुळे मासा आणि होडी रक्तातच. उन्हाळ्यात आम्ही मुलाबाळांसह त्यांच्याकडे राहिलो. त्या मुक्कामात जे पाहिले आणि शिकलो, ते इथे मांडतो. ज्यांचे नातलग त्या भागात आहेत आणि जे कधीतरी तिथे जाणार आहेत, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

या मासेमारीला तिकडे ‘ट्रोलिंग’ म्हणतात. मोबाईलवर चालते ते ट्रोलिंग हे नव्हे, आणि आपल्या बंदरातले ट्रॉलर ओढतात ती जाळ्याची मासेमारीही नव्हे. इथे जाळे नसते. होडी सावकाश चालत राहते आणि तिच्या मागे वेगवेगळ्या खोलीवर गळ ओढले जातात. सुरमईसाठी चालत्या होडीमागे गळ सोडताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मूळ कल्पना लगेच कळेल. फरक एवढाच की सरोवरात मासा कुठल्या थरात आहे हे आधी शोधावे लागते.

मासा मुळात इथला नाही

या सरोवरात आज लोक ज्या सामन माशासाठी जातात, तो इथला नव्हेच. पूर्वी इथे लेक ट्राउट नावाचा मोठा मासा मुबलक होता. जहाजांसाठी खोदलेल्या कालव्याच्या वाटेने अटलांटिक महासागराकडून लॅम्प्री नावाचा, दुसऱ्या माशाला चिकटून रक्त पिणारा जीव सरोवरांत शिरला. १९५० च्या दशकापर्यंत मिशिगन सरोवरातला ट्राउट जवळजवळ संपला. मोठा मासा गेल्यावर अलेवाइफ नावाच्या छोट्या परक्या माशाला खाणारे कोणी उरले नाही. त्याची संख्या इतकी वाढली की १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या अलेवाइफचे ढीग किनाऱ्यांवर कुजत पडले होते.

यावर मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी उपाय काढला. प्रशांत महासागराच्या बाजूच्या ओरेगन राज्यातून कोहो जातीच्या सामनची अंडी आणली, पिल्ले वाढवली आणि १९६६ च्या वसंतात ती नद्यांत सोडली. पुढच्या वर्षी चिनुक हा त्याहून मोठा सामनही सोडला. सामनने अलेवाइफ खाल्ला, स्वतः वाढला आणि किनाऱ्यावरच्या गावांना नवा धंदा मिळाला. आजही उबवणी केंद्रांतून पिल्ले सोडली जातात. काही मासे नद्यांत स्वतः प्रजनन करतात. गळ टाकणाऱ्यांच्या परवान्याच्या पैशातून हा खर्च भागवला जातो.

मासा शोधायचा तर आधी पाणी ओळखा

उन्हाळ्यात सरोवराचे वरचे पाणी तापते आणि खालचे थंडच राहते. दोन्हींच्या मधे एक पातळ थर असतो, तिथे थोड्याच फुटांत तापमान झपाट्याने उतरते. चिनुक सामनला साधारण १० ते १३ अंश सेल्सियसचे पाणी मानवते, म्हणून तो या थराच्या आसपास फिरतो. लेक ट्राउट त्याहून थंड पाण्यात, बहुधा तळाजवळ असतो. स्टीलहेड मात्र वरच्या पाण्यात येतो. म्हणून जाणकार माणूस होडी बंदराबाहेर काढली की आधी खोलीप्रमाणे तापमान मोजतो, आणि मगच गळ सोडतो.

हा थर रोज एका जागी राहत नाही, वारा त्याला हलवतो. मिलवॉकीच्या बाजूला पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस जोरात वाहिला की वरचे कोमट पाणी आत ढकलले जाते, खालचे थंड पाणी किनाऱ्याशी वर येते आणि मासाही जवळ येतो. पूर्वेचा वारा उलट काम करतो. त्यामुळे काल जिथे मिळाला तिथेच आज मिळेल, हे गृहीत धरता येत नाही.

हंगामाचाही हिशेब आहे. वसंतात सरोवराचे दक्षिण टोक, म्हणजे शिकागोकडची बाजू, आधी ऊब धरते. तेव्हा कोहो तिकडे असतो. पुढे तो उत्तरेकडे सरकतो. उन्हाळ्याच्या शेवटी प्रौढ चिनुक अंडी घालण्यासाठी नद्यांच्या मुखाशी जमतो, आणि अंडी घातल्यावर मरतो.

गळ खोल नेण्याच्या युक्त्या

चालत्या होडीमागचा हलका गळ वरच तरंगतो. तो ३० मीटर खाली न्यायचा कसा? त्यासाठी ‘डाउनरिगर’ नावाचे यंत्र असते. पोलादी तारेला साडेचार-पाच किलोचा शिसाचा गोळा बांधतात. गळाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवून गोळा हव्या त्या खोलीवर सोडतात. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, आणि गोळ्याचे ओझे न येता मासा खेचता येतो. लक्षात ठेवायचे ते एवढेच की होडी चालत असल्याने तार मागे तिरपी होते. म्हणून मोजणीच्या आकड्यापेक्षा गोळा प्रत्यक्षात थोडा वर असतो.

दुसरी युक्ती शिसाचा गाभा असलेल्या दोरीची. तिचा रंग दर १० यार्डांनी बदलतो. एक रंग सोडला की गळ साधारण पाच फूट खाली जातो, असा ढोबळ हिशेब. तिसरी युक्ती ‘प्लेनर बोर्ड’ची. ही फळी दोरी होडीपासून बाजूला दूर नेते. पाणी नितळ असल्याने होडीच्या आवाजाला मासा बुजतो, तेव्हा बाजूचे गळ कामी येतात.

आमिष बहुधा जिवंत नसते. चमच्याच्या आकाराचे धातूचे चकचकीत तुकडे, किंवा गरगर फिरणारी पट्टी आणि तिच्यामागे झिरमिळ्यांचा गळ वापरतात. पहाटेच्या अंधारात प्रकाश साठवून चमकणारे रंग चालतात, ऊन आले की चांदी. सर्व गळ वेगवेगळ्या खोलीवर आणि वेगवेगळ्या अंतरावर ठेवायचे. एका खोलीवर दोनदा मासा लागला की बाकीचे गळ तिकडे सरकवायचे.

वेग आणि वळण

सामनसाठी होडीचा वेग ताशी तीन ते पाच किलोमीटर, म्हणजे माणूस चालेल तेवढा. पण पाण्याखाली प्रवाह असतात. वर होडीचा वेग तोच दिसत असला, तरी खाली गळ फार जोरात किंवा फार मंद ओढला जात असेल. भाईजान त्यासाठी तारेचा तिरपेपणा बघतात. एका दिशेला जाताना तार फार मागे झुकली आणि परतताना सरळ राहिली, तर खाली प्रवाह आहे असे समजावे, आणि वेग तारेच्या तिरपेपणावर ठरवावा.

सरळ रेषेत चालत राहू नये, मोठी नागमोडी वळणे घ्यावीत. वळताना आतल्या बाजूचे गळ मंदावतात आणि खाली जातात. बाहेरच्या बाजूचे वेग घेतात आणि वर येतात. आतल्या गळाला मासा लागला तर वेग कमी करून पाहावा, बाहेरच्याला लागला तर वाढवून पाहावा. मात्र वळण घट्ट घेतले तर सगळ्या दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि पुढचा अर्धा तास गाठी सोडवण्यात जातो.

मासा लागला म्हणून होडी थांबवायची नाही. थांबली की बाकीचे गळ खाली बसतात आणि दोरी ढिली पडते. मोठा चिनुक पहिल्या झटक्यात दोरी ओढत दूर पळतो. त्याला पळू द्यावे, दमला की आणावे. मुलांच्या हातात गळ देताना आम्ही हेच पुन्हा पुन्हा सांगत होतो. जाळीत घेताना मासा डोक्याकडून घ्यावा. विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन गळांची मुभा आहे. १६ वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो, आणि ग्रेट लेक्समधल्या सामन-ट्राउटसाठी वेगळा स्टॅम्प. पाहुण्यांना थोड्या दिवसांचा परवाना मिळतो. दिवसाला किती मासे ठेवता येतात याचे नियम बदलतात, ते त्या वर्षीचे बघून घ्यावेत.

जायचे नाही, हे ठरवणे

मुक्कामातल्या एका शनिवारी सगळी तयारी झाली होती. डबे भरले होते, मुले रात्रीपासून झोपली नव्हती. पहाटे आकाश स्वच्छ होते, धक्क्यावरचे पाणीही शांत. भाईजानांनी हवामान खात्याचा सरोवरासाठीचा अंदाज ऐकला आणि होडी बांधलेलीच ठेवली.

मोठा भाचा म्हणाला, “मामू, वारा तर काहीच नाही.”

“धक्क्याच्या आत नाही, बेटा. दुपारपर्यंत बाहेर लाटा उभ्या राहतील. आपण परत येणार कधी, ते मोज.”

मुले रडकुंडीला आली. भाभीजान गप्प राहून डबे परत आत नेऊ लागल्या. दुपारी आम्ही गाडीने काठावर गेलो, तेव्हा बंदराच्या भिंतीवरून पाणी उडत होते. कोणीच काही बोलले नाही.

हे सरोवर समुद्रापेक्षा कमी धोक्याचे आहे, असे कोणी समजू नये. इथल्या लाटा एकामागोमाग आखूड आणि उभ्या येतात; लहान होडीला सावरायला वेळ मिळत नाही. २३ सप्टेंबर १९६७ रोजी, नव्या सामनच्या पहिल्याच मोठ्या हंगामात, मिशिगन राज्याच्या किनाऱ्याजवळ शेकडो छोट्या होड्या इशारा असूनही बाहेर होत्या. वादळ आले आणि सात जण दगावले. मासा भरपूर होता, म्हणूनच ते थांबले नव्हते.

पाणी उन्हाळ्यातही खोलवर गार असते आणि वसंतात तर पोहणाऱ्यालाही काही मिनिटांत हातपाय हलवू देत नाही. म्हणून लाइफ जॅकेट होडीत ठेवायचे नाही, अंगावर घालायचे. चालत्या उघड्या होडीत १३ वर्षांखालील मुलांना तिथला कायदाच ते सक्तीचे करतो. भाईजानांच्या होडीत मोठ्यांनाही सूट नाही. रेडिओचा १६ क्रमांकाचा मार्ग मदतीसाठी असतो. कुठे जाणार आणि कधी परतणार, हे घरी लिहून ठेवायचे. धुके उतरले तर मोठ्या जहाजांच्या वाटेतून आधी बाहेर पडायचे.

नमाजचा प्रश्नही व्यवहाराने सुटतो. होड्या उजाडण्यापूर्वी निघतात, म्हणून फज्र धक्क्यावरच होते. मिलवॉकीहून किब्ला ईशान्येला आहे, त्यामुळे तोंड आपोआप सरोवराकडेच येते. जुहरपर्यंत बहुतेक वेळा माणूस परत घरी असतो.

ताटात येईपर्यंत

मासा हलाल, ताजा आणि स्वतः पकडलेला. तरी इथे एक गोष्ट आईवडिलांनी जाणून घेतलीच पाहिजे. जुन्या कारखान्यांतून सरोवरात उतरलेली पीसीबी नावाची रसायने १९७९ मध्ये बंद झाली, पण गाळातून आणि लहान माशांतून ती अजून मोठ्या माशांच्या चरबीत साठतात. मासा जितका मोठा आणि वयस्कर, तितके प्रमाण जास्त. म्हणून तिथली राज्ये कोणता मासा किती वेळा खावा याच्या सूचना काढतात. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी त्या अधिक कडक असतात.

भाभीजान काय करतात, ते सांगतो. घरासाठी मध्यम आकाराचा मासा ठेवतात. कातडी काढतात, पाठीवरची, पोटाकडची आणि मधल्या काळपट पट्ट्याची चरबी कापून टाकतात. मग मसाला, लिंबू, लसूण लावून जाळीवर भाजतात, म्हणजे उरलेली चरबी खाली गळते. सालन करायचे तर चरबी आधी काढलीच पाहिजे, कारण रश्श्यात ती तशीच राहते. बांगड्याच्या सवयीने माशाचे तेल म्हणजे ताकद, असे आपण मानतो. या एका पाण्यात ते मानू नये.

जास्तीचा मासा शेजाऱ्यांकडे जातो, तोही साफ करून आणि सूचना सांगून. खायचे तेवढेच ठेवावे. थंड पाण्यातून खोलवरून ओढून आणलेला मासा गरम पाण्यात परत सोडला तर तो जगेलच असे नाही. म्हणून गरज भरली की गळ बाहेर काढावेत आणि होडी बंदराकडे वळवावी.

तिकडे जाणार असाल तर पहिल्यांदा अनुभवी माणसाच्या होडीतून जा. मिलवॉकी, रसीन, शेबॉयगन, पोर्ट वॉशिंग्टन या बंदरांतून भाड्याच्या होड्या मिळतात. सोबत एक वही ठेवा. कोणत्या खोलीवर, किती तापमानात, कोणत्या दिशेला जाताना मासा लागला, हे लिहीत जा. भाईजानांच्या वहीत असे अनेक हंगाम आहेत. ज्या दिवशी वाऱ्यामुळे गेले नाहीत, ती तारीखही ते न चुकता लिहितात.