‘लवकर आटप’ म्हणायची सवय



आज एक स्वतःचाच अनुभव सांगणार आहे. तुमच्यापैकी अनेकांना त्यात आपलं घर दिसेल, असं वाटतं.

मी डोंबिवलीची. घाटकोपरच्या एका शाळेत नऊ वर्षं प्राथमिकला शिकवत होते. सकाळची शाळा, सातला प्रार्थना. म्हणजे पहाटे साडेचारला उठायचं, दोन डबे भरायचे, लेकीला आवरून आजीकडे सोडायचं आणि लोकल पकडायची. एक गाडी चुकली की हजेरीपटावर लाल शेरा. त्यामुळे आमच्या घरात दिवसभर एकच मंत्र चालायचा, ‘चल, लवकर, आटप!’ लेक बोलायला लागली तेव्हा ‘आई’, ‘बाबा’ यांच्या पाठोपाठ ‘लवकल’ हा शब्द म्हणायला शिकली. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

लेक चार वर्षांची असताना यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत ट्युबिंगेनला आलो. नेकार नदीकाठचं हे विद्यापीठाचं छोटं गाव. पोहोचलो शनिवारी रात्री. रविवारी सकाळी दूध आणायला बाहेर पडले तर सगळी दुकानं बंद! रस्त्यावर चिटपाखरू नाही. नंतर कळलं की इथे रविवार हा विश्रांतीचा दिवस आहे आणि त्याला थेट देशाच्या घटनेचं संरक्षण आहे. त्या दिवशी कोरा चहा पीत खिडकीत बसले. खरं सांगू? ती शांतता मला सुखाची वाटली नाही, भीतीच वाटली. हातात काम नाही, पकडायला गाडी नाही. मग मी करायचं तरी काय?

पुढे लेक तिथल्या किंडरगार्टनमध्ये जाऊ लागली. हा शब्द आपल्याला काही नवा नाही. फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला हे नाव दिलं. डी.एड.ला आपण सगळ्यांनी ‘फ्रोबेलचे शैक्षणिक विचार’ पाठ करून गुण मिळवले आहेत. मीही मिळवले होते. पण ते विचार मला समजले तिथल्या चपलांच्या कप्प्यांसमोर.

तिथे पाऊस असो, थंडी असो, मुलं बाहेर खेळायला जातातच. त्यासाठी चिखलात चालणारी पँट, जाकीट, टोपी आणि बूट घालावे लागतात. पहिल्या आठवड्यात पालकांनी सोबत थांबायचं असतं, म्हणून मी तिथेच होते. बाकीची मुलं खुडबुडत आपापलं घालत होती. माझी लेक बाकावर बसली आणि दोन्ही पाय माझ्यासमोर धरले. मी म्हटलं, “घाल ना तू.” तर म्हणाली, “तूच घाल. मी घातलं की उशीर होतो.”

काळजात चर्र झालं. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना ‘प्रयत्न कर, जमेल तुला’ सांगणारी मी. आणि माझ्याच मुलीने प्रयत्न करणं सोडून दिलं होतं, कारण तिच्या प्रयत्नाला घरात वेळच नव्हता.

मी बूट घालायला वाकले. तेवढ्यात तिथल्या ताई शेजारी जमिनीवर येऊन बसल्या. हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, “करू दे तिला. आपल्याकडे वेळ आहे.” लेकीला वीस मिनिटं लागली. बूट उलट्या पायांत गेले. तरी ताईंनी हात लावला नाही. माझी नजर मात्र पाच वेळा घड्याळाकडे गेली.

माझी दुसरी काळजी अभ्यासाची. इकडे लेक ज्युनिअर केजीत मुळाक्षरं गिरवत होती, तिकडे मात्र वाचन-लेखन शिकवायला सुरुवात होते पहिलीत, साधारण सहाव्या वर्षी. ‘मागे पडेल हो ही!’ असं मी रोज यजमानांना म्हणायचे. आज ती पहिलीत आहे. वाचतेही छान. मागे पडलं असेल तर फक्त माझं घड्याळ.

याचा अर्थ तिकडचं सगळं चांगलं आणि आपलं वाईट, असं मुळीच नाही. लोकल पकडणाऱ्या आईला मी दोष देणार नाही, तिला उशीर परवडतच नाही. आणि मुलाच्या कलाने घेणं काही परदेशी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत तेच तर केलं. आपल्याकडे विचारांची कमतरता कधीच नव्हती, कमी पडतात ती दहा मिनिटं.

म्हणून एकच विनंती. आठवड्यातून एखादा दिवस, निदान सुट्टीच्या दिवशी तरी, मुलाला बटणं स्वतः लावू द्या. शिक्षकांनो, वर्गात प्रश्न विचारला की उत्तरासाठी जरा जास्त थांबा. आपले हात आवरणं सोपं नाही, मला अजूनही जमत नाही.

तीन आठवड्यांनी लेकीने जाकिटाची चेन स्वतः लावली. मी दारात चुळबुळत उभी होते. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “थांब हं आई, होतंय माझं.”

मी थांबले.