रॉडचं टोक

बाबांना दिवाळीत कार्बनचा रॉड घेऊन दिला, ४,८०० रुपयांचा. जन्मभर हातदोरीनं गरवणारा माणूस. भाट्याच्या खाडीवर चौथ्या-पाचव्या खेपेलाच टोक तुटलं. वॉरंटी वर्षाची, पण फक्त कंपनीकडून राहिलेल्या दोषाला.

फॉर्मवर अडचणीचा प्रश्न एकच : रॉड कसा तुटला?

कार्बन छान वाकतो, पण ठोका बसला की आतून तडकतो आणि पुढे कधीतरी ताण आल्यावर मोडतो. तेव्हा गळाला मासा असेल, तर दोष माशावर जातो. म्हणजे ‘मासा ओढताना तुटला’ हे अगदी खोटंही नव्हतं. ऑफिसात अशी अर्धवट खरी तिकिटं मी रोज ‘युजर एरर’ म्हणून बंद करतो.

बाबांना फोन लावला.

“अरे, आदल्या आठवड्यात रिक्षाच्या दांड्यावर आपटला होता. महागाचा, म्हणून बोललो नाही तुला.”

किंमत मीच तर कौतुकानं सांगितली होती.

“क्लेम करू?”

“कर की. पण रिक्षाचं लिही.”

ते लिहिलं तर क्लेम मिळणार नव्हता, वर कुरिअरचा खर्च. टॅब बंद केला. पुढच्या सुट्टीत मोडलेलं टोक घासून नवी कडी चिकटवली. रॉड चार इंच आखूड झाला. बाबा आता तो बिनधास्त रिक्षात टाकतात.