पुढं हेच आहे

ती बटाटे सोलायला बसली आणि आमच्या फिल्म क्लबच्या संयोजकांनी सिनेमा पुढं पळवला. पडद्यावर अभिनेत्री देल्फिन सेरिगचे हात एकदम सुसाट सुटले, सालं भराभर पडली, ती उठली, पातेलं चढलं, दिवे लागले, विझले. अंधारातून त्यांचा आवाज आला, "पुढं हेच आहे. स्वयंपाकच करतेय ती." चार-पाच जण हसले. या गोष्टीला आता बराच काळ लोटला, पण ते हसू मला अजून ऐकू येतं.

सिनेमा शांताल अकरमनचा, १९७५ सालचा. 'जान डिलमन, २३ के द्यु कॉमर्स, १०८० ब्रुसेल' असं त्याचं नाव, म्हणजे एका बाईचं नाव आणि तिच्या घराचा पत्ता. लांबी तीन तास एकवीस मिनिटं. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वश्रेष्ठ सिनेमे कोणते, असं विचारतं. पहिल्या वेळी डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' पहिला आला होता, मग पन्नास वर्षं 'सिटिझन केन', २०१२ मध्ये हिचकॉकचा 'व्हर्टिगो'. २०२२ मध्ये सोळाशेहून अधिक लोकांनी मतं दिली आणि अकरमनचा हा सिनेमा पहिला आला. बाईनं दिग्दर्शित केलेला सिनेमा त्या जागी येण्याची ती पहिलीच वेळ. आमच्या क्लबनं तो लावला तो या बातमीमुळंच.

माझ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हचा रसास्वाद वर्ग केला, मग नोकरी, संसार, बदल्या. या गावात स्थिरावल्यावर क्लबची सभासद झाले आणि बर्गमन, ब्रेसाँ, किश्लोव्स्की इथल्या वाचनालयाच्या सभागृहात पाहिले.

'जान डिलमन'मध्ये ब्रसेल्सच्या एका फ्लॅटमधल्या विधवा बाईचे तीन दिवस आहेत. शाळेत जाणारा मुलगा आहे. ती त्याचे बूट पुसते, कॉफी करते, अंथरुणं आवरते, बाजारहाट करते, शेजारणीचं तान्हं बाळ थोडा वेळ सांभाळते, रात्रीचं जेवण रांधते. आणि रोज दुपारी एक पुरुष पैसे देऊन तिच्याकडं येतो. बटाटे उकडायला ठेवायचे, दार उघडायचं, त्याला आत न्यायचं; तो जाईपर्यंत बटाटे बरोबर शिजलेले असतात. मिळालेले पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या झाकणवाल्या भांड्यात. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, दुसऱ्या खोलीत शिरताना चालू. कॅमेरा जागचा हलत नाही, बाईच्या जवळ जात नाही. हे सगळं रचताना अकरमन पंचविशीचीही नव्हती. कॅमेऱ्यामागं बाबेत मांगोल्त होती आणि तंत्रज्ञांमध्येही बहुतेक बायकाच होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारचा पुरुष निघून जातो तेव्हा बटाट्यांचा लगदा झालेला असतो. इतकंच घडतं. पण पहिल्या दिवशी तिची प्रत्येक हालचाल आपण पूर्ण वेळ पाहिलेली असली, तर तो लगदा पाहून पोटात गोळा येतो. हातात पातेलं घेऊन ती घरभर फिरते. कुठं ठेवावं, कुठं टाकावं, सुचत नाही. मग पुन्हा बाजारात जाऊन बटाटे आणते आणि पुन्हा सोलायला बसते. आमच्या संयोजकांनी पळवलं ते नेमकं इथून. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. इंग्रजी सबटायटल्स वाचायला त्यांना त्रास होतो, म्हणून एरवी त्या मध्येच उठून जातात. त्यांना मात्र ते पातेलं दिसलं होतं. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो थांबवा, तिचे बटाटे बिघडलेत!" त्यावरही लोक हसले.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, मागं घ्या. हा भाग पळवायचा नाही."

"ताई, नऊला हॉल सोडायचाय. वॉचमन थांबत नाही."

"मग आज अर्धा दाखवा, उरलेला पुढच्या रविवारी."

"लोक येणार नाहीत पुन्हा. महत्त्वाचं सगळं दाखवतो मी."

आणि महत्त्वाचं त्यांनी दाखवलं! मुलाशी बोलणं आलं की सिनेमा आपल्या चालीनं, बोलणं संपलं की सुसाट. तिसऱ्या दिवसाचा तर त्यांनी धुरळा केला. त्या दिवशी ती तासभर आधी उठते, त्यामुळं पोस्ट उघडायच्या आत तिथं पोचते. कॉफीची चव बिघडते, ती ओतून पुन्हा करते, तरी जमत नाही. कोटाचं एक बटण तुटलंय, तसंच दुसरं शोधत ती दुकानं पालथी घालते. कॅफेतल्या तिच्या नेहमीच्या जागेवर दुसरीच बाई बसलेली. बाळाला उचलून घेते तर ते किंचाळत सुटतं. आणि मध्येच एक रिकामा वेळ येतो, ज्यात करायला काहीच नाही, तेव्हा ती नुसती खुर्चीत बसून राहते. तीन तासांतली सगळ्यात भयंकर गोष्ट ती आहे. आमच्या पडद्यावर ती बसली आणि उठली.

मग पुरुष आत असताना कॅमेरा पहिल्यांदाच झोपायच्या खोलीत शिरतो. इथं संयोजकांनी वेग पूर्ववत केला. तिसऱ्या पुरुषाबरोबर असताना तिचा स्वतःच्या शरीरावरचा ताबा क्षणभर सुटतो, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. नंतर ती कपडे घालते, कात्री उचलते आणि पलंगावर पडलेल्या त्या माणसाच्या गळ्यात खुपसते. सभागृहात कुणी श्वास घेत नव्हतं. शेवटी ती अंधारात टेबलाशी बसून राहते, हातावर, कपड्यांवर रक्त, सात-एक मिनिटांचं एकच दृश्य. ते सुरू होताच दिवे लागले आणि खुर्च्या सरकल्या.

चर्चेला मात्र वॉचमन थांबला. पहिला प्रश्न आला, तिनं त्याला का मारलं? कुणी म्हणालं मानसिक आजार, कुणी म्हणालं पुरुषद्वेष, कुणी बेल्जियममधल्या एकाकीपणावर बोललं. एका तरुणानं विचारलं, "पण तिथं कात्री आली कुठून?" खोड काढायला नव्हे, त्याला खरोखर कळलं नव्हतं. कॅनडातल्या बहिणीकडून आलेलं पार्सल उघडायला तिनं कात्री खोलीत आणलेली असते. तेवढ्यात बेल वाजते आणि कात्री तिथंच राहते. पहिल्या दिवसाची जान डिलमन वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय दार उघडायला गेली नसती. त्याच्या प्रश्नाचं उत्तर सिनेमात होतं आणि ते फॉरवर्डमध्ये गेलं होतं. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे पाहायला हवं होतं." संयोजक म्हणाले, "हो, ते राहिलं."

माझा राग तरीही इतका टिकला नसता, पण त्याच सभागृहात, त्याच खुर्च्यांवर, काही महिने आधी आम्ही बेला टार यांचा 'द ट्युरिन हॉर्स' पाहिला होता. २०११ चा हंगेरियन सिनेमा, १४६ मिनिटं, कृष्णधवल, जेमतेम तीस शॉट्सचा. सुरुवातीला १८८९ मध्ये ट्युरिनच्या रस्त्यावर नीत्शेनं चाबूक खाणाऱ्या घोड्याच्या गळ्याला मिठी मारली, ती हकीकत कुणीतरी सांगतं. पुढं माळावरच्या एका घरात बाप आणि मुलगी. वारा सुटलेला, घोडा चालायला तयार नाही. सहा दिवस. आणि रोज ती दोघं उकडलेला एकेक बटाटा खातात! बापाचा एक हात निकामी आहे, तो दुसऱ्या हातानं गरम बटाट्याचं साल ओरबाडतो. हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं, पूर्ण वेळ, शांतपणे. कुणाचं बोट बटणाकडं गेलं नाही. वॉचमन थांबला. नंतरची चर्चा ईश्वराचा मृत्यू, सृष्टीचा अंत, पटकथाकार क्राझ्नाहोर्काईची लेखणी अशी चालली. तो बटाटा रोज कोण उकडतं, विहिरीवरून पाणी कोण आणतं, बापाच्या अंगात कपडे कोण चढवतं, याबद्दल अवाक्षर निघालं नाही. मुलगीच करते सगळं, पडद्यावर, आपल्या डोळ्यांदेखत.

पुरुषानं खाल्लेला बटाटा तत्त्वज्ञान असतो आणि बाईनं सोललेला बटाटा स्वयंपाक. संथ युरोपीय सिनेमाबद्दल आपल्याकडं जे आदरानं बोललं जातं, त्यातलं बरंचसं या एका भेदावर उभं आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. तारकोव्हस्कीच्या सिनेमातल्या नायकानं मेणबत्ती विझू न देता रिकामं कुंड ओलांडायचं म्हटलं की आपण श्वास रोखून बसतो. तेही बसावंच, ते दृश्य थोर आहे. पण तोच श्वास एका बाईनं मांसाचे तुकडे पिठात, अंड्यात, पावाच्या चुऱ्यात घोळवताना का रोखला जात नाही? ती कृतीही तितक्याच एकाग्रतेनं केलेली आहे. अकरमनची आई आउश्वित्झमधून वाचून आलेली होती, आणि हा सिनेमा आपण आईवरच्या प्रेमातून केला, असं अकरमन सांगत असे. त्या घरातलं दिवे लावणं-मालवणं, झाकण ठेवणं, घडी घालणं, यांना भीती थोपवून धरण्याचं काम आहे. हे एकदा जाणवलं की त्या स्वयंपाकघरात काहीच क्षुल्लक उरत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. आमच्या क्लबमधल्या ज्या बायकांना इंग्रजी वाचायला जमत नाही, त्यांना आजवर कळायला सगळ्यात सोपा असा हाच सिनेमा होता. त्यात बोलणं जवळजवळ नाहीच. 'ट्युरिन हॉर्स'मध्ये शेजारी येऊन लांबलचक बोलतो, ते त्यांच्या डोक्यावरून गेलं. इथं बिघडलेलं पातेलं त्यांना सगळ्यांआधी दिसलं. त्यांचा हक्काचा सिनेमा त्यांच्यासमोरून पळवून नेला.

संयोजकांना वाईट माणूस ठरवायची माझी तयारी नाही. प्रोजेक्टर ते स्वतःच्या गाडीतून आणतात, वर्गणीत तूट आली की खिशातून भरतात. ते नसते तर या गावात एकही बर्गमन दिसला नसता. सदतीस माणसं बसतील तिथं सात आली तरी त्यांनी कार्यक्रम रद्द केलेला मला आठवत नाही. म्हणूनच जास्त टोचतं. सिनेमावर इतकं प्रेम असलेल्या माणसाला तिथं काही घडतंय हे दिसलंच नाही.

नंतर मी हा सिनेमा घरी लावला. हॉलमधल्या टीव्हीवर, रविवारी दुपारी, क्लबमधल्या ज्या बायका येऊ शकल्या त्यांना घेऊन, पूर्ण, कुठंही न थांबता. पाहायचा असेल तर मी हेच सुचवीन. एकट्यानं लॅपटॉपवर नको, आणि दोन रात्रींत तोडून तर नकोच. सोबतीला माणसं असली की मन भरकटलं तरी परत येतं. आधी जेवून घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीची पंचेचाळीस मिनिटं अवघड जातील, जाऊ द्यात. घराची शिस्त अंगात मुरल्याशिवाय ती मोडल्याचं दुःख होणार नाही.

शिक्षिकाबाईंना तो पार आतपर्यंत भिडला. पण दुसऱ्या एक वहिनी, दिवसभर दोन घरांचा स्वयंपाक करणाऱ्या, तासाभरानं उठल्या. म्हणाल्या, "हे मी सकाळपासून केलंय, ताई. रविवारी पुन्हा बघायला कशाला लावता?" आणि चप्पल घालून गेल्या. त्यांना मी काय सांगणार होते? संयोजक म्हणाले होते तेच त्या म्हणत होत्या, फक्त त्या म्हणण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार होता. अकरमननं त्यांच्या कष्टाला पडदा दिला, हे माझं म्हणणं मी त्यांच्यापुढं मांडूसुद्धा शकले नाही. ते मला अजूनही पटतं. पण ते पटायला हाताला थोडी उसंत असावी लागते, हेही मला त्या दुपारपासून पटलेलं आहे.

खुनाबद्दल मात्र माझं मत बदलत चाललंय. पूर्वी मी तो शेवट हिरिरीनं मांडायचे, कात्रीचा सगळा प्रवास समजावून सांगायचे. आता वाटतं, अकरमननं तो ठेवायला नको होता. खून आहे म्हणून तर त्या दिवशी सगळ्यांना त्याच्याबद्दलच बोलता आलं. खून आहे म्हणून बाकीचं पळवता आलं, कारण पोचायला एक ठिकाण मिळालं. तिसऱ्या दिवशी कॉफी पुन्हा पुन्हा ओतून देणारी ती बाई माझ्यासाठी पुरेशी आहे. शिक्षिकाबाईंना हे अजिबात मान्य नाही. त्या म्हणतात, "इतकं सगळं बघायला लावून तिला तसंच कॉफी करत ठेवली असती, तर मी तुमच्या त्या अकरमनला कधी माफ केलं नसतं." आमचा वाद अजून मिटलेला नाही.