पोटाचें दुखणें आणि स्वभावाचा दोष

आपल्या भाषेनें पोटावर फार मोठा भार टाकलेला आहे. आईची माया पोटांत असते, मित्राचा अपराध आपण पोटांत घालतों, गुपित पोटांत ठेवतों, आणि शेजाऱ्याचें बरें झालें म्हणजे शूळ उठतो तोही पोटांतच. मनाचे इतके व्यवहार ज्या इंद्रियाकडे सोंपविले, त्याला खरोखरीच कांहीं दुखणें झालें तर दोष मनालाच लागावा, हें ओघानेंच आलें.

आमचे थोरले काका शीघ्रकोपी होते, ही गोष्ट खरी. त्यांच्या पोटांत बेंबीच्या वर आग पडे; तीही पोट रिकामें असतां, बहुधा मध्यरात्रीनंतर. मग काकू उठून दूध कोमट करून देत, किंवा पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकीत, आणि घटकाभर आराम पडे. लोणचें, ठेचा, तळलेलें, सारें त्यांच्या ताटांतून हद्दपार झालें. भेटावयास येणारा प्रत्येक आप्त एकच उपदेश करी कीं, राग आवरा म्हणजे पोट आपोआप बरें होईल. आम्हां मुलांना त्याचें हंसूं येई. पण काकू मात्र त्यानंतर कितीतरी वेळ गप्प बसत. घरांतील कटकटीमुळें नवऱ्याचें पोट जळतें, असा त्या उपदेशाचा दुसरा अर्थ त्यांना ऐकूं येई.

त्या काळीं डॉक्टर तरी निराळें काय सांगत? जठरांतील आम्ल इतकें तीव्र कीं त्यांत जंतु टिकूंच शकत नाहींत, अशी वैद्यकांतील बहुतेकांची समजूत होती. व्रण होतो तो आम्लानें आणि चिंतेनें. आम्ल कमी करणारीं औषधें द्यावीं, तीं थांबलीं कीं व्रण परत यावा, असा क्रम चाले; कित्येकांच्या जठराचा भाग कापून काढावा लागे.

ही समजूत उलटली ती ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं. तेथें रॉबिन वॉरन नांवाच्या विकृतिशास्त्रज्ञांना १९७९ सालीं जठराच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतांना वांकडे जंतु दिसले. १९८१ सालीं बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. परंतु हे जंतु प्रयोगशाळेंत कांहीं केल्या वाढेनात. दोन दिवसांत वाढ दिसली नाहीं तर कांचेच्या बशा टाकून द्यावयाच्या, अशी तेथील रीत होती. १९८२ च्या ईस्टरची सुटी लागली, बशा पांच दिवस उबेच्या पेटींत तशाच राहिल्या, आणि सुटीनंतर पाहतात तों जंतु वाढलेले! विद्यार्थी वाचकांना सुटीचें महत्त्व पटवून देण्याची गरज नाहीं. तथापि हा दाखला त्यांनीं घरीं जपून वापरावा.

तरीही जाणत्या मंडळींचा विश्वास बसेना. तेव्हां १९८४ सालीं मार्शल यांनीं तेच जंतु पाण्यांत कालवून स्वतः प्राशन केले. थोड्याच दिवसांत ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि दुर्बीण घालून पाहिलें तों जठराला सूज आलेली. पुढें त्या जंतूला हेलिकोबॅक्टर पायलोरी असें नांव मिळालें. तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशानें आम्लांतही सुखानें नांदतो. २००५ सालीं ह्या दोघांना नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

आमच्या काकांच्या पोटांत दुर्बीण गेली ती १९९७ सालीं. व्रण सांपडला, जंतु सांपडला, आणि दोन प्रतिजैविकें व आम्ल कमी करणारें एक औषध असा १४ दिवसांचा क्रम झाला. मध्यरात्रीचें दूध बंद पडलें. महिन्यांनंतर ठेचा पुन्हां ताटांत आला, आणि त्यांत मीठ कमी आहे म्हणून काकांनीं पहिल्याच दिवशीं ताट सरकविलें. पोट बरें झालें होतें. राग जेथल्या तेथें होता! काकू त्या दिवशीं पदर तोंडाला लावून इतक्या हंसल्या कीं काकाही ओशाळले.

आतां पालकांकरितां दोन शब्द. जगांतील सुमारें निम्म्या माणसांच्या पोटांत हा जंतु आढळत आलेला आहे, आणि त्यांतील बहुतेकांना व्रण होत नाहीं. म्हणून प्रत्येक ढेंकरेला भिऊं नये. सांधेदुखीवर दीर्घकाळ घेतलेल्या ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनींही व्रण होतो. तेव्हां आजीच्या डब्यांतील गोळ्या कोणत्या, हें डॉक्टरांना सांगावें. शौचास डांबरासारखें काळें झालें, ओकारींत रक्त आलें किंवा वजन विनाकारण उतरूं लागलें, तर सोड्यावर विसंबून न राहतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. बरें वाटूं लागलें तरी प्रतिजैविकें मध्येंच सोडूं नयेत. क्रम संपल्यावर निदान चार आठवड्यांनीं श्वासाची किंवा शौचाची तपासणी करतात; तिच्यांतून जंतु खरोखर गेला कीं नाहीं तें कळतें.