क्लच आणि गुडघा

डावा गुडघा गेला, क्लच दाबवेना, म्हणून ट्रॅक्टर पोराच्या हातात दिला आणि मी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. परवा तिचा गिअरबॉक्स गेला. मिस्त्री म्हणाला, "काका, मॅन्युअल टाकू, भंगारात स्वस्त मिळतो." पोरगा म्हणाला, "टाकू की, मी चालवीन." तेच मला टोचलं. मग यादी मागितली. टॉर्क कन्व्हर्टर काढून फ्लायव्हील, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट. वर क्लचचं पेडल, गिअरची दांडी, वायरिंग. गाडीचा कॉम्प्युटरबी बदला. बेरीज दुरुस्तीच्या पुढं गेली. सोयाबीनच्या पैशातून ऑटोमॅटिकच दुरुस्त करतोय. नुसत्या गिअरबॉक्सचा भाव विचारू नका मंडळी, पूर्ण सामानाची यादी मागा. आणि गाडी चालवणार कोण, तेबी आधी ठरवा.